श्रीपेरुंबुदूरचा संप आणि शिरोलीतला वाद

तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कारखान्यात फ्रिज, टीव्ही आणि वॉशिंग मशीन तयार करणाऱ्या कामगारांनी ९ सप्टेंबर २०२४ पासून ३७ दिवस संप केला. पगारवाढ आणि कामाचे तास या मागण्या त्यात होत्याच, पण संपाचे मूळ वेगळे होते. आपण स्थापन केलेली युनियन कंपनीने मान्य करावी आणि तिच्याशी बोलावे, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. दक्षिण कोरियातल्या कामगार संघटनांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला, आणि तेव्हापासून आपल्याकडेही एक वाद अधूनमधून पेटतो. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत, उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यांवर, युनियनच्या बैठकांत तो ऐकू येतो. एक बाजू म्हणते, परदेशी युनियनांना आमच्या कारखान्यांत नाक खुपसायचे कारणच काय, गुंतवणूक पळवून लावायचा हा डाव आहे. दुसरी बाजू जगभरच्या कामगारांच्या एकजुटीची घोषणा देते आणि विषय संपला असे मानते. दोन्हीकडून हा वाद वाईट घातला जातो आहे. पहिल्या बाजूला इतिहास नको आहे. दुसरीला त्या इतिहासातली अडचणीची पाने नको आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. स्वतंत्र युनियन मागणाऱ्या कामगाराला दुसऱ्या गावातून, दुसऱ्या राज्यातून, दुसऱ्या देशातून मिळणारा पाठिंबा योग्य आहे आणि आवश्यकही आहे. मात्र त्याला दोन अटी आहेत. मागणी त्या कामगाराची स्वतःची असली पाहिजे, आणि संप करायचा की मिटवायचा हा निर्णय त्याच्याच हातात राहिला पाहिजे. या अटी पाळल्या जात असतील, तर पाठिंबा देणाऱ्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे याला महत्त्व उरत नाही. मी आयटीआयमध्ये शिकवतो. आमच्याकडून फिटर, टर्नर, मशिनिस्ट, फाउंड्रीमन होऊन बाहेर पडलेली पोरे शिरोलीत लागतात, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत लागतात, चाकणला जातात. मशीन कसे चालवायचे ते आम्ही त्यांना शिकवतो. चारजणांनी मिळून व्यवस्थापनाशी कसे बोलायचे, हे त्यांना कोणीच शिकवत नाही. ते त्यांना स्वतः शिकावे लागते, आणि बहुतेकदा नोकरी गमावून.

कारण स्वतंत्र युनियन काढणे कागदावर सोपे आणि प्रत्यक्षात फार अवघड आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली सातजण नोंदणीसाठी अर्ज करू शकत. पुढे त्यात किमान १० टक्के किंवा १०० कामगार सभासद असण्याची अट आली. पण नोंदणी झाली म्हणजे मालकाने बोललेच पाहिजे असे नाही. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनची सोय केली आणि त्यासाठी सलग सहा महिने ३० टक्के सभासदत्वाची अट घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक युनियन असतील तर वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो, आणि कोणत्याही संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची झाली आहे. आता हे टक्के गोळा करायचे कसे? सह्या सुरू झाल्या की दुसऱ्या पाळीपर्यंत बातमी ऑफिसात पोहोचलेली असते. पहिल्या पाचजणांपैकी एकाची बदली होते, दुसऱ्याला चार्जशीट मिळते, तिसऱ्याच्या गावाकडच्या पुढाऱ्याचा फोन येतो, आणि आठवडाभरात एक ‘अंतर्गत’ युनियन उभी राहते, जिचे पदाधिकारी कोण हे कामगारांना नोटीस बोर्डावर कळते. ही रीत कोल्हापूरची नाही, पुण्याची नाही आणि चेन्नईचीही नाही. ती सगळीकडची आहे. श्रीपेरुंबुदूरला संप चालू असतानाच कंपनीने युनियनला वगळून एका कामगार समितीशी समझोता केला. युनियनच्या नावात ‘सॅमसंग’ हा शब्द नको, म्हणून नोंदणीला हरकत घेतली. तमिळनाडूतले तेव्हाचे सरकार द्रमुकचे, आणि ज्या सिटू या कामगार महासंघाच्या झेंड्याखाली हे कामगार उभे होते त्याचा पक्ष, माकप, त्या सरकारचा मित्र. तरीही प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कुठे नोंदणी झाली. सरकार आपल्या बाजूचे असूनही जर एवढा वेळ लागतो, तर ज्यांचे कोणीच नाही त्यांनी कोणाकडे पाहायचे?

कोरियातल्या कामगारांनी या प्रकरणात लक्ष घालण्याचे कारण परोपकार हे नव्हते. सॅमसंगने आपल्या मायदेशात अनेक दशके युनियन उभी राहू दिली नाही. मे २०२० मध्ये सॅमसंगचे सर्वेसर्वा ली जे-योंग यांनी जाहीर माफी मागितली आणि युनियनविरोधी धोरण सोडण्याचे वचन दिले. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सच्या युनियनने बेमुदत संपाची हाक दिली. म्हणजे श्रीपेरुंबुदूरचा संप सुरू होण्याच्या दोन महिने आधी हेच भांडण, त्याच कंपनीशी, सोल परिसरातले कामगार भांडत होते. ज्या दारातून आपण नुकतेच आत आलो, त्याच दारावर दुसऱ्या देशातला आपलाच सहकारी उभा आहे, हे त्यांना दिसले. त्यांनी तोंड फिरवायला हवे होते काय?

‘बाहेरच्यांनी’ कारखान्यात बोलू नये, हा युक्तिवाद आपल्या औद्योगिक वसाहतीत टिकतच नाही. कोल्हापूरचे कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, युरोप-अमेरिकेत जाते. परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिटर येतो, तेव्हा तो सँड टेस्टिंगची नोंदवही तपासतो, भट्टीच्या तापमानाच्या नोंदी पाहतो, फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणाऱ्या, माणसाच्या तोंडाला मास्क आहे का ते पाहतो. आदल्या दिवशी स्टोअरमधून गॉगल आणि सेफ्टी शूज निघतात, हे आमचा प्रत्येक माजी विद्यार्थी सांगतो. त्या ऑडिटरला कोणी परका म्हणत नाही. त्याच्यासाठी गेस्ट हाऊस राखून ठेवतात. जर्मनीत २०२३ पासून लागू झालेल्या पुरवठा साखळीच्या कायद्याने तर मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडच्या संघटना-स्वातंत्र्याकडेही लक्ष देण्याची जबाबदारी टाकली आहे. गिऱ्हाईक परदेशातून येऊन शॉप फ्लोअरवर बोलू शकते, भागीदार बोलू शकतो, मशीन पुरवणारा बोलू शकतो. फक्त त्याच साखळीतला कामगार बोलला की देशाची सीमा आठवते.

शिवाय परदेशी कंपनीवर बाहेरून दबाव आणणे कोल्हापूरकरांना नवीन नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे नाव न घेता मिरवली, तेव्हा अख्खे शहर उसळले. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा दाखला देऊन महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले, परदेशातल्या लोकांनीही समाजमाध्यमांवर आवाज उठवला, आणि कंपनीला श्रेय मान्य करावे लागले. इटलीतल्या कंपनीने काय दाखवावे यात कोल्हापूरने पडू नये, असे तेव्हा एकाही उद्योजकाने म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. कारागिराच्या कष्टासाठी देशाबाहेर जाऊन जाब विचारणे योग्य होते, मला ते मनापासून पटले होते. मग कामगाराच्या कष्टासाठी देशाबाहेरून कोणी जाब विचारला, तर ते अयोग्य कसे?

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो टाळून पुढे गेलेला लेख प्रामाणिक नसतो. श्रीमंत देशातल्या कामगारांची सहानुभूती निर्मळ नसते, तिच्याआड आपल्या नोकऱ्या वाचवण्याचा हेतू असतो, हा तो मुद्दा. याला आपल्याच इतिहासात पुरावा आहे. १८७० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या लहान मुलांबद्दल आणि लांबलचक पाळ्यांबद्दल सर्वांत मोठा कळवळा कोणाला आला? इंग्लंडमधल्या लँकेशायर आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकांना. मुंबईचे स्वस्त सूत त्यांचा बाजार खात होते. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला त्यामागे त्यांचा दबाव होता, आणि आपल्या राष्ट्रवादी पत्रांनी त्याला लँकेशायरचे कारस्थान म्हटले ते हेतूपुरते खरेच होते. पण त्याच वेळी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे नावाचा एक सत्यशोधक होता. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन तयार केले: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात जखमी झाल्यास भरपाई. हे निवेदन मँचेस्टरहून लिहून आलेले नव्हते. मँचेस्टरच्या स्वार्थामुळे दार किलकिले झाले होते, एवढेच. त्यातून आत जाऊन काय मागायचे ते परळ-भायखळ्यातल्या माणसाने ठरवले. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सगळेच, मालकसुद्धा, ती सुट्टी घेतो.

म्हणून पाठिंबा देणाऱ्याचा हेतू तपासावा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. आणखी एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो: ज्याचा काही स्वार्थ गुंतलेला आहे असा पाठीराखा मला निव्वळ दयाळू पाठीराख्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. श्रीपेरुंबुदूरचा पगार वाढला तर कोरियातले काम स्वस्त मजुरीच्या शोधात तिकडे हलवण्याचा मोह कमी होतो, हे कोरियन कामगाराला कळते. त्यात लपवण्यासारखे काय आहे? दयेला कंटाळा येतो, हितसंबंध टिकतो.

दुसरा मुद्दा सार्वभौमत्वाचा. याचेही उत्तर आपल्या इतिहासात आहे, आणि ते कोणाला सोयीचे नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. गिरणी कामगार युनियन त्या संपातून मोठी झाली. रशियातल्या कापड कामगारांकडून त्या संपाला पैसे आले, आणि इंग्रज सरकारला हवे ते मिळाले: परकीय पैसा, परकीय हात, परकीय कट. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी देशभरातून तीसहून अधिक लोकांना पकडले. त्यांत डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर होते, आणि फिलिप स्प्रॅट, बेन ब्रॅडली हे इंग्रजही होते. इंग्रजांच्या राज्यात इंग्रज माणूस ‘बाहेरचा चिथावणीखोर’ ठरला, कारण तो मालकांच्या बाजूला उभा नव्हता. आरोपींच्या बचावासाठी मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरू पुढे आले, गांधीजी तुरुंगात त्यांना भेटून आले. युरोपात फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांच्यासारख्यांनी निषेध नोंदवला. या पाठीराख्यांपैकी अनेकांना आरोपींचे कम्युनिस्ट विचार अजिबात मान्य नव्हते. तरीही बाहेरून मदत घेणे हा गुन्हा आहे, हे सरकारी म्हणणे त्यांनी स्वीकारले नाही. आज ‘परकीय हात’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, १९२९ मध्ये तुम्ही कोणाच्या बाजूला असता?

आपली पहिली देशव्यापी कामगार संघटना, आयटक, १९२० मध्ये मुंबईत स्थापन झाली, तिच्यामागेही नव्याने निघालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत भारताचा प्रतिनिधी कोणी निवडायचा हा प्रश्न होता. स्वातंत्र्य जवळ येताच, १९४६ मध्ये, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार थांबवणारा पहिला देश भारत होता. दुसऱ्या देशातल्या अन्यायावर बाहेरून दबाव आणणे आपल्याला तेव्हा अभिमानाचे वाटत होते. संघटना-स्वातंत्र्याचे आंतरराष्ट्रीय करार १९४८ आणि १९४९ मधले आहेत. त्या दोन्हींवर भारताने अजून शिक्कामोर्तब केलेले नाही. हे बोचायला हवे, पण या वादात ते कोणी काढत नाही.

तिसरा मुद्दा कोल्हापूर जिल्ह्याच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे: गुंतवणूक जाईल, गिरण्यांसारखे होईल. आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज या तालुक्यांत १८ जानेवारी १९८२ नंतर काय झाले ते सांगायला माणसे अजून हयात आहेत. मुंबईच्या गिरण्यांतल्या अडीच लाख कामगारांचा संप, आणि तो संपल्याची औपचारिक घोषणा कधी झालीच नाही. डॉ. दत्ता सामंतांनी कामगारांना परतीची वाट ठेवली नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. हरलेल्या लढाईतून माणसे शक्य तितकी सावरून बाहेर काढणे हेही नेत्याचे काम असते. पण तो संप मुळात कशासाठी झाला होता, हे आपण विसरलो. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला कामगारांचा एकमेव प्रतिनिधी ठरवले होते, आणि बहुसंख्य कामगारांना तो प्रतिनिधी नको होता. पगारवाढीबरोबर आपली युनियन आपण निवडू, ही ती मागणी. ती मान्य झाली असती, तर पगाराचा प्रश्न टेबलावर सुटण्याची शक्यता होती. म्हणजे १९८२ चा धडा स्वतंत्र युनियनच्या बाजूने जातो, विरोधात नाही. गिरण्यांचे आधुनिकीकरण मालकांनी टाळले होते, कापड यंत्रमागांकडे सरकत होते, आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा महाग होत चालली होती. हे सगळे संपाच्या आधीपासून चालू होते.

आणि तो संप इतके महिने पोसला कोणी? गावांनी. मुंबईहून परतलेल्या माणसाला आजऱ्याच्या, चंदगडच्या घराने पोटाला घातले, भावाने वाटणीचे भात दिले, सोसायटीचे कर्ज बायकोच्या डोरल्यावर निघाले. लालबागच्या मालकाच्या दृष्टीने तो कोल्हापूर जिल्हाही ‘बाहेरचा’च होता. ज्या जिल्ह्याने स्वतः बाहेरून उभे राहून देशातल्या सर्वांत मोठ्या संपांपैकी एक पोसला, त्या जिल्ह्याने बाहेरच्या पाठिंब्याला नाक मुरडावे, हे मला समजत नाही.

गुंतवणुकीचा धाक खरा किती? बांगलादेशचे उदाहरण घ्या. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली. वरच्या शिलाई कामगारांना मात्र आत जावे लागले. ‘आम्ही आत जाणार नाही’ असे सर्वांच्या वतीने म्हणायला तिथे युनियन नव्हती. नंतर आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांनी युरोपच्या ब्रँडांना कायदेशीर बंधन असलेल्या सुरक्षा करारावर सह्या करायला लावल्या, कारखान्यांची तपासणी सुरू झाली. बांगलादेशचा कपड्यांचा व्यवसाय त्यामुळे पळाला नाही. त्याची निर्यात पुढे वाढतच गेली. सॅमसंगही श्रीपेरुंबुदूर सोडून गेलेली नाही. भांडवल जागा बदलते ते बंदर, वीज, जमीन, कुशल हात आणि कर पाहून. युनियन हे त्यातले एक कारण असू शकते, हे मी नाकारत नाही. पण त्या भीतीने हक्क सोडायचा ठरवला, तर सोडण्याला शेवट कुठे? तमिळनाडूपेक्षा स्वस्त महाराष्ट्र, महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आणखी कोणी. ‘तिकडे संप झाला, आता कारखाना आपल्याकडे येईल’ असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. जो कारखाना तिथून याच कारणासाठी उठेल, तो इथून त्याच कारणासाठी उठणार नाही कशावरून?

पाठीराख्यांच्या बाजूला मी उभा आहे, तरी त्यांना काही गोष्टी ऐकवणे भाग आहे. लांबून टाळ्या वाजवणाऱ्याचा पगार कापला जात नाही. लंडनमध्ये ऑगस्ट १९७६ मध्ये ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कारखान्यात जयाबेन देसाई आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी युनियनच्या हक्कासाठी संप केला. बहुतेक जणी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय, साड्या नेसून थंडीत दारात उभ्या राहणाऱ्या. क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी कंपनीची टपाले उचलायचे नाकारले, यॉर्कशायरचे खाण कामगार गाड्या भरून आले. इंग्लंडच्या कामगार चळवळीने वर्ण विसरून केलेली ही मोठी गोष्ट होती. पण पुढे वरच्या संघटनेने हात काढून घेतला, आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये जयाबेनना त्याच ब्रिटिश कामगार महासंघाच्या दारात उपोषणाला बसावे लागले. जुलै १९७८ मध्ये संप हरला. मोठा पाठिंबा ज्या वेगाने येतो त्याच वेगाने जातो, आणि मागे उरतात त्या चार बायका. म्हणून निर्णय त्यांच्या हातात हवा, ही अट मी सुरुवातीलाच घातली.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. ऑगस्ट १९८० मध्ये पोलंडच्या ग्दान्स्कमध्ये जहाजबांधणी कामगारांनी २१ मागण्या मांडल्या. पहिलीच मागणी पक्ष आणि मालकांपासून स्वतंत्र युनियनची होती. आपल्याकडच्या बहुतेक डाव्यांना त्यात सीआयएचा हात दिसला. तिकडे अमेरिकेच्या अध्यक्षांना पोलंडचे कामगार फार प्रिय झाले, आणि त्याच रेगन यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये आपल्या देशातल्या ११ हजारांहून अधिक संपकरी हवाई वाहतूक नियंत्रकांना घरी पाठवले. २०१८ मध्ये चीनच्या शेन्झेनमध्ये जासिक कारखान्यातल्या कामगारांनी आपली युनियन काढायचा प्रयत्न केला. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले विद्यार्थीही पकडले गेले, आणि ते विद्यार्थी स्वतःला मार्क्सवादीच म्हणवत होते. बिंदू चौकात त्यांच्यासाठी आवाज उठायला हवा होता. सॅमसंगच्या कामगाराला जो हक्क आहे, तो जासिकच्या कामगाराला नाही काय? झेंडा पाहून पाठिंबा ठरणार असेल, तर ‘परकीय हात’ म्हणणाऱ्यांना आपणच दारूगोळा पुरवतो.

मानेसरचेही नाव घ्यावे लागेल. मारुती सुझुकीच्या कामगारांनी जून २०११ मध्ये स्वतंत्र युनियनसाठी १३ दिवस संप केला. १८ जुलै २०१२ च्या हिंसाचारात अवनीश कुमार देव या अधिकाऱ्याचा जीव गेला. त्याचे समर्थन कोणत्याही एकजुटीच्या नावाखाली होऊ शकत नाही. पण १४८ कामगार पकडले गेले, कित्येकजण वर्षानुवर्षे जामिनाविना आत राहिले, आणि मार्च २०१७ मध्ये त्यांतले ११७ निर्दोष सुटले. त्या ११७ जणांच्या घरच्यांना त्या काळात जी मदत झाली ती बाहेरच्यांनीच केली. ती चूक होती असे कोणी म्हणू शकेल का?

पाठिंबा नीट दिला तर काय होते, ते मेक्सिकोतल्या सिलाओत दिसले. तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात वर्षानुवर्षे मालकधार्जिणी युनियन होती. २०१९ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सचे कामगार संपावर गेले, तेव्हा ते उत्पादन भरून काढायला सिलाओत जादा काम लावले गेले. तिथल्या काही कामगारांनी अमेरिकन सहकाऱ्यांचा संप मोडायला नकार दिला, आणि त्यांना कामावरून काढले. मजुरी कितीतरी पट कमी असलेल्या माणसांनी श्रीमंत देशातल्या माणसांसाठी हे केले. पुढे अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार करारातल्या तरतुदीचा आधार मिळाला, बाहेरचे निरीक्षक आले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गुप्त मतदानात स्वतंत्र युनियनने तीन चतुर्थांशांहून अधिक मते घेतली. अमेरिकेचा त्यात स्वार्थ होता का? होता, लँकेशायरचा होता तसाच. पण मत मेक्सिकोच्या कामगाराने दिले.

आता घरचा विषय. शिरोलीच्या फाउंड्रीत फेटलिंगला आणि भट्टीवर कोण आहे ते पाहा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली माणसे, ठेकेदाराच्या हजेरीवर, कारखान्यामागच्या खोलीत सात-आठजण. आपल्या कायम कामगारांच्या युनियनमध्ये त्यांतले किती सभासद आहेत? पगारवाढीच्या करारात त्यांच्यासाठी एक ओळ तरी असते का? डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी लाल बावट्याच्या नेत्यांना हाच प्रश्न विचारला होता. गिरणीतल्या विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. एकजुटीची भाषणे करणाऱ्या पुढाऱ्यांना ते दार उघडावेसे वाटले नाही. पुढे १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध तेच आंबेडकर कम्युनिस्टांच्या बरोबरीने संपात उतरले, पण त्यांनी प्रश्न मागे घेतला नव्हता. ओडिशाचा मोल्डर आपल्याला परका वाटत असेल, तर कोरियाच्या कामगाराशी आपली एकजूट फलकापुरतीच राहणार. आणि फलक वाचून मालक घाबरत नाही.

शाहू महाराजांनी १९०६ मध्ये या शहरात सूतगिरणी काढली, आणि त्याच राजाने मुंबईच्या कामगारांसमोर जाऊन संघटित व्हा असे सांगितले. गोविंद पानसरे यांनी याच शहरात असंघटितांच्या युनियन बांधण्यात आयुष्य घालवले. या परंपरेचे नाव घ्यायचे असेल, तर कोल्हापूरच्या युनियनांनी श्रीपेरुंबुदूरसाठी ठराव जरूर करावा, आणि त्याबरोबर दोन गोष्टी ठरवाव्यात. उद्या चाकणला किंवा आणखी कुठे एखाद्या पुरवठादाराकडे संप झाला, त्याचे पॅटर्न, म्हणजे साच्यांचे नमुने, ट्रकमधून शिरोलीत आले आणि रविवारचा ओव्हरटाइम लागला, तर तो घ्यायचा की सिलाओसारखा नाकारायचा, हे आजच सभेत मताला टाकावे. आणि नाकारणाऱ्याची बुडणारी हजेरी भरून द्यायला दरमहा वर्गणीतून वेगळा निधी काढावा. दुसरे, सभासदत्वाचा अर्ज हिंदीत आणि ओडियात छापून ठेकेदाराच्या माणसांच्या खोल्यांवर न्यावा, आणि पुढच्या मागणीपत्रात त्यांच्या पगाराचे कलम आपल्या बोनसच्या आधी घालावे.